आज्ञार्थ, विध्यर्थ आणि पाठभेद : सर्व्हरच्या व्यवस्थेतील बिघाडांचा विचार



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांचा परिचय या सभागृहात करून देण्याचे कारण नाही. व्याकरण हा त्यांचा विषय होता. वहीतील चुकीखाली तांबडी रेघ ओढून ते कधी थांबले नाहीत. ती चूक कोणत्या मार्गाने आली हे विद्यार्थ्याकडून वदवून घेतल्यावाचून ते पुढे जात नसत. आजच्या विषयाची निवड करताना त्यांची ही पद्धतच माझ्यासमोर होती.

मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने सर्व्हरच्या व्यवस्थेवर बोलावे याचे काहींना नवल वाटले असेल. पण या शाळेचे कितीतरी माजी विद्यार्थी आज आपल्याच हैदराबादेत, माधापूर आणि गच्चीबावलीच्या कार्यालयांत, हेच काम करीत आहेत. रात्री दोन वाजता त्यांचा फोन वाजतो आणि कुठलेसे यंत्र बंद पडल्याचे कळते. मुलगा काय करतो, असे विचारले तर त्याचे आईवडील ‘कॉम्प्युटरमध्ये आहे’ एवढेच सांगू शकतात. बँकेचा व्यवहार, रुग्णालयातील नोंदी, परीक्षांचे निकाल आणि रेल्वेचे आरक्षण ज्या कामावर उभे आहे, त्याची आपल्याला इतकी तोकडी ओळख असावी हे योग्य नव्हे. शिवाय या मुलांच्या बोलण्यातून आणि प्रसिद्ध झालेल्या चौकशी-अहवालांतून मला जे समजले त्यात प्रत, पाठ, अवस्था, आज्ञा या आमच्याच शास्त्रातील कल्पना वेगळ्या वेषात भेटल्या. त्या ओळखीच्या आधाराने हा विषय मांडण्याचा माझा प्रयत्न आहे.

यंत्राचा स्वभाव मजकुरात असतो

सर्व्हर म्हणजे इतरांची सेवा करणारा संगणक. थंड खोलीतील मांडणीवर तो रात्रंदिवस चालू असतो. बहुधा त्याला स्वतःचा पडदाही नसतो. त्याने कोणाला आत घ्यावे, कोणाला दारातून परत पाठवावे, माहिती कोठे ठेवावी, काय घडले याची नोंद कोठे करावी, हे सारे काही साध्या मजकुराच्या फाइलींत लिहिलेले असते. या लिखित मांडणीला कॉन्फिगरेशन म्हणतात. यंत्रे दोन असली तोवर एखादा जाणता माणूस ती हाताने लावतो आणि काय केले ते ध्यानात ठेवतो. यंत्रे पाचशे झाली की कोणाचीही स्मरणशक्ती पुरत नाही. मग तो आपल्या कृती क्रमाने लिहून काढतो आणि ती यादी यंत्राकडूनच करवून घेतो. अशा यादीला स्क्रिप्ट म्हणतात.

येथून पहिली अडचण सुरू होते. ‘अमुक फाइलीत ही ओळ जोड’ अशी आज्ञा स्क्रिप्टमध्ये आहे असे समजा. ती एकदा चालवली तर काम होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा चालवली की तीच ओळ दुसऱ्यांदा जोडली जाते, आणि महिनाभर रोज चालवली तर फाइलीत तीच ओळ तीस वेळा दिसते. दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. ‘त्या खोलीत जा, मग तेथील जुने सामान फेकून दे’ अशा दोन आज्ञा लागोपाठ आहेत आणि ती खोलीच जागेवर नाही. माणूस तेथे थबकेल. पण सर्व्हरवर सर्रास वापरली जाणारी आज्ञाभाषा, जिला शेल म्हणतात, एक आज्ञा फसली तरी सहसा पुढच्या आज्ञेकडे वळते. मग ती उभी असेल त्याच खोलीतले सामान फेकले जाते. पहिली आज्ञा फसताच थांबावे, हे तिला मुद्दाम सांगून ठेवावे लागते.

आज्ञार्थ आणि विध्यर्थ

दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले. तेव्हापासून क्रियापदाच्या अर्थांची चर्चा मराठीत होत आली आहे. स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ हे चार अर्थ आपण शाळेत पाठ केले. ‘दिवा लाव’ हा आज्ञार्थ, तर ‘दिवा लागलेला असावा’ हा विध्यर्थ. पहिल्यात कृती सांगितली आहे; दुसऱ्यात इष्ट अवस्था सांगितली आहे. दिवा आधीच लागलेला असेल तर विध्यर्थ मानणाऱ्याला काहीच करावे लागत नाही.

सर्व्हरच्या व्यवस्थेत गेल्या तीस वर्षांत झालेले मोठे परिवर्तन आज्ञार्थाकडून विध्यर्थाकडे झालेले आहे. १९९३ मध्ये ऑस्लो विद्यापीठात मार्क बर्जेस यांनी सीएफइंजिन नावाचे साधन तयार केले. यंत्राची आजची अवस्था पाहावी, इष्ट अवस्थेशी ती ताडावी आणि जेवढे अंतर असेल तेवढेच भरून काढावे, ही त्यामागील कल्पना. पुढे २००५ मध्ये पपेट, २००९ मध्ये शेफ आणि २०१२ मध्ये अ‍ॅन्सिबल ही साधने आली. यांपैकी अ‍ॅन्सिबल हे नाव साहित्यातून आलेले आहे. उर्सुला ले ग्विन यांनी १९६६ च्या आपल्या कादंबरीत ताऱ्यांमधील अंतर क्षणात ओलांडून निरोप पोचवणाऱ्या यंत्राला हे नाव दिले होते.

या साधनांकडून ज्या गुणाची अपेक्षा असते त्याला इंग्रजीत आयडेम्पोटन्स म्हणतात. गणितज्ञ बेंजामिन पीअर्स यांनी १८७० मध्ये हा शब्द बीजगणितासाठी घडवला. एकदा केले काय आणि दहादा केले काय, फळ तेच, असा त्याचा सरळ अर्थ.

उरलेले दोन अर्थही येथे सापडतात. यंत्राची आजची स्थिती सांगणे हा स्वार्थ. ‘अमुक प्रणाली असेल तर तमुक करावे’ हा संकेतार्थ. माझ्या समजुतीप्रमाणे या क्षेत्रातील पुष्कळ बिघाड अर्थांच्या सरमिसळीतून उद्भवतात. विध्यर्थाने लिहिलेल्या मजकुरात कोणीतरी घाईने आज्ञार्थी स्क्रिप्टचा तुकडा बसवतो आणि दुसऱ्या फेरीला तो तुकडा उलटतो.

पाठभेद

पाचशे यंत्रे एकाच मजकुरावरून लावली तरी वर्षभराने ती एकसारखी राहत नाहीत. एखाद्या रात्री अडचण आली म्हणून कोणी एका यंत्रावर हाताने दुरुस्ती केलेली असते. दुसरे एक यंत्र नेमके बदलाच्या वेळी बंद असते. या सावकाश फारकतीला या क्षेत्रात ड्रिफ्ट म्हणतात. आम्ही तिला पाठभेद म्हणू. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत असेच पाठभेद आणि प्रक्षेप शिरले होते. नाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, ती शुद्ध करून एक पाठ सिद्ध केला. त्याच पाठाला पुढील लेखकांनी धरून राहावे, ही त्यामागची तळमळ होती.

सर्व्हरच्या व्यवस्थेत अशी प्रमाण प्रत एका सामायिक भांडारात ठेवतात. त्यासाठी गिट नावाचे साधन प्रचलित आहे. लिनस टॉरवाल्ड्स यांनी ते २००५ मध्ये तयार केले. प्रत्येक बदल कोणी केला, केव्हा केला आणि कोणती ओळ कशी बदलली, याची नोंद त्यात राहते. बदल का केला याची नोंद मात्र माणसाने लिहिली तरच राहते. ‘दुरुस्ती’ एवढाच शब्द लिहून बदल जमा करणाऱ्यांची संख्या मोठी आहे, असे आपलेच विद्यार्थी मला सांगतात. चार वर्षांनी रात्री दोन वाजता ती नोंद वाचणाऱ्यावर काय प्रसंग ओढवत असेल याची कल्पना करावी.

बिघाड शोधण्याची रीत

बिघाड झाला की अनुभवी माणूस लगेच दुरुस्तीला हात घालत नाही. तो आधी वाचतो. चुकीचा संदेश लांबलचक असतो आणि नवखा माणूस त्याची शेवटची ओळ तेवढी पाहतो. पुष्कळदा शेवटच्या ओळी परिणाम सांगतात आणि कारण वर, पहिल्या तक्रारीत, दडलेले असते.

दुसरा प्रश्न असा की, बिघाड एका यंत्रावर आहे की सर्वांवर. पाठचिकित्सेत एक नियम आहे. अनेक पोथ्यांत एकच विचित्र चूक आढळली तर ती त्यांच्या समान मातृकेत असण्याचा संभव मोठा. एकाच पोथीत आढळली तर ती त्या लेखनिकाची. महाभारताची चिकित्सक आवृत्ती पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ ते १९६६ या काळात सिद्ध झाली ती पोथ्यांच्या अशाच वंशविचारावर. सर्व्हरच्या बाबतीतही हेच. सर्व यंत्रे एकाच प्रकारे फसली तर प्रमाण प्रत तपासावी. एकच फसले तर त्या यंत्राचा इतिहास तपासावा.

तिसरा प्रश्न, काल चालत होते आणि आज चालत नाही, तर मध्ये काय बदलले? बदल एक हजार असले तरी घाबरण्याचे कारण नाही. मधोमधचा बदल घेऊन पाहावे. तेथे काम नीट चालत असेल तर चूक नंतरच्या अर्ध्यात, नसेल तर आधीच्या अर्ध्यात. याप्रमाणे दहा चाचण्यांत हजारांतील एक बदल हाती लागतो. गिटमध्ये याची सोय आयतीच आहे.

चौथा प्रश्न आज्ञा कोण देतो हा. ‘हाताने चालवली तर चालते, आपोआप चालत नाही’ ही तक्रार फार जुनी आहे. ठरल्या वेळी कामे करवून घेणारा क्रॉन नावाचा एक व्यवस्थापक सर्व्हरवर असतो. माणूस स्वतः आत येतो तेव्हा त्याच्या सवयीच्या मांडण्या त्याच्यासोबत येतात; अमुक हत्यार अमुक कपाटात आहे, हे यंत्राला त्यांतून कळते. क्रॉनजवळ ही माहिती जेमतेमच असते. म्हणून स्क्रिप्टमध्ये हत्याराचे नुसते नाव न लिहिता त्याचा पूर्ण पत्ता लिहावा. शिवाय क्रॉनने केलेल्या कामाचा निकाल कोठेतरी नोंदला जाईल हे पाहावे, नाहीतर काम महिनोन्महिने फसत राहते आणि कोणाला पत्ता लागत नाही.

पाचवा प्रश्न डोळ्यांना न दिसणाऱ्या अक्षरांचा. विंडोजवर ओळ संपल्याची खूण दोन चिन्हांची असते, लिनक्सवर एका चिन्हाची. विंडोजवर लिहिलेली स्क्रिप्ट लिनक्सवर नेली की ते जादा चिन्ह पहिल्या ओळीतील नावाला चिकटते आणि तसे नाव कोठेच नाही म्हणून यंत्र अडून बसते. वाचणाऱ्याला दोन्ही मजकूर हुबेहूब एकच दिसतात. मराठी माणसाला याचे नवल वाटू नये. आपल्या ‘वाऱ्या’तील अर्धा र संगणकात दोन निरनिराळ्या रीतींनी लिहिता येतो, एक नुक्त्याच्या र चा आणि दुसरा अदृश्य जोडचिन्हाचा. दिसायला दोन्ही सारखे. पण एका रीतीने लिहिलेला शब्द दुसऱ्या रीतीने शोधला तर यंत्राला तो सापडेलच असे नाही.

याच जातीची आणखी दोन उदाहरणे देतो. अशा मांडण्या लिहिण्यासाठी यामल नावाची लेखनपद्धती रूढ आहे. तिच्या जुन्या नियमांप्रमाणे अवतरणचिन्हांवाचून लिहिलेला ‘नो’ हा इंग्रजी शब्द नकार मानला जातो. नॉर्वे देशाचे दोन अक्षरी संक्षिप्त नावही तेच. त्यामुळे देशांच्या यादीत नॉर्वेच्या जागी नकार उमटतो. २००९ च्या सुधारित नियमांत ही तरतूद वगळली गेली, तरी जुन्या नियमांनी वाचणारी साधने अजून वापरात आहेत. दुसरे उदाहरण फाइलीच्या परवानगीचे. ती ६४४ अशा अंकांनी दाखवतात, पण हे अंक अष्टमान पद्धतीचे असतात. अ‍ॅन्सिबलमध्ये ते आरंभीच्या शून्यावाचून आणि अवतरणाशिवाय लिहिले तर यंत्र त्यांना दशमान समजते. दशमान ६४४ म्हणजे अष्टमान १२०४, आणि त्याचा परिणाम असा की फाइलीच्या मालकाला तीत लिहिता येते पण ती वाचता येत नाही. विरामचिन्हांविषयी गुरुजी एवढे कठोर का होते, हे अशा वेळी पटते.

दुरुस्ती सापडल्यावरही ती एकदम सर्वत्र लावू नये. आधी रंगीत तालीम घ्यावी. यंत्राने काय केले असते ते केवळ सांगावे, प्रत्यक्षात करू नये, अशी सोय या साधनांत असते. नंतर ती एका यंत्रावर लावावी, थोडा वेळ पाहावे आणि मगच इतरांवर न्यावी.

तीन प्रसंग

या नियमांची किंमत काय हे तीन घटनांवरून दिसेल. १ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेतील नाइट कॅपिटल या शेअर व्यवहार करणाऱ्या कंपनीने नवी आज्ञावली वापरात आणली. आठ सर्व्हरपैकी सातांवर ती पोचली, एकावर राहिली. नव्या आज्ञावलीने जी खूण वापरली होती ती त्या आठव्या सर्व्हरवर २००३ पासून न वापरलेल्या एका जुन्या कामाला जागे करणारी होती. ग्राहकांच्या २१२ मागण्या पूर्ण करता करता पंचेचाळीस मिनिटांत ४० लाखांहून अधिक मागण्या बाजारात गेल्या आणि ४६ कोटी डॉलरांहून अधिक तोटा झाला. बाजार उघडण्यापूर्वी यंत्राने ९७ इशारे ई-मेलने धाडले होते. त्यांवर कोणी कृती केली नाही. गोंधळात भर अशी पडली की ज्या सात यंत्रांवर सर्व ठीक होते त्यांवरूनच नवी आज्ञावली काढून टाकण्यात आली. त्यामुळे जुने काम तेथेही जागे झाले. बिघाड एका प्रतीत आहे की सर्वांत, हा प्रश्न आधी विचारला गेला नाही, याचे हे फळ.

३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत एका अभियंत्याने दुसऱ्या यंत्रावर द्यायची पुसण्याची आज्ञा मुख्य यंत्रावर दिली. सुमारे ३०० गिगाबाइटांपैकी साडेचारच उरले तेव्हा ती थांबवता आली. मग राखीव प्रतींकडे धाव घेतली, तर रोजच्या प्रती बनतच नव्हत्या असे आढळले. प्रत काढणारे साधन माहितीसाठ्याहून जुन्या आवृत्तीचे होते आणि ते रोज फसत होते. फसल्याची कळवणारी पत्रे टपालव्यवस्थेने नाकारली होती. सहा तासांपूर्वी हाताने काढून ठेवलेली एक प्रत होती म्हणून बरेचसे वाचले. लीळाचरित्राची मूळ पोथी धाडीत गेल्यावर ज्यांना ते मुखोद्गत होते त्यांच्याकडून ते पुन्हा सिद्ध करावे लागले, असे महानुभाव परंपरा सांगते. राखीव प्रत आहे असे समजणे आणि तिच्यावरून ग्रंथ पुन्हा उभा करून पाहणे या भिन्न गोष्टी आहेत. दुसरी गोष्ट अधूनमधून प्रत्यक्ष करून पाहिली पाहिजे.

तिसरा प्रसंग आपल्या शहरालाही शिवून गेला. १९ जुलै २०२४ रोजी सकाळी, भारतीय वेळेप्रमाणे ९ वाजून ३९ मिनिटांनी, क्राउडस्ट्राइक या सुरक्षाव्यवस्था पुरवणाऱ्या कंपनीने एक लहानशी मांडणीची फाइल जगभर पाठवली. तिच्यासाठी ठरलेल्या साच्यात २१ रकाने होते. वाचणारी आज्ञावली २० च पुरवत होती. ७८ मिनिटांनी फाइल मागे घेतली गेली, पण मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे तोवर ८५ लाख यंत्रे बंद पडली होती. ती सुरूच होत नसल्यामुळे पुष्कळ ठिकाणी प्रत्येकाजवळ माणूस पाठवून दुरुस्ती करावी लागली. हैदराबादच्या विमानतळावर त्या दिवशी प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. ही फाइल आधी थोड्या यंत्रांवर पाठवून पाहिली असती तर नुकसान तेवढ्यापुरतेच राहिले असते. त्यानंतर कंपनीने टप्प्याटप्प्याने पाठवण्याची रीत स्वीकारली.

दोष कोणाचा?

या घटनांनंतर साहजिकच ‘हे केले कोणी?’ असा प्रश्न येतो. गिटलॅबने आपला अहवाल जाहीर केला, तो सविस्तर केला आणि त्यात त्या अभियंत्याचे नाव दिले नाही. त्याच वर्षी २८ फेब्रुवारीला अमेझॉनच्या साठवण-सेवेतील एका कर्मचाऱ्याने आज्ञेतील एक शब्द चुकीचा दिला आणि हवे होते त्याहून कितीतरी अधिक सर्व्हर सेवेतून बाहेर पडले. सेवा पूर्ववत होण्यास चार तासांहून अधिक काळ लागला. त्याही अहवालात नाव नाही. एवढे सर्व्हर एका दमात काढू देणारे हत्यार बदलले आणि किमान संख्येखाली जाता येणार नाही अशी मर्यादा त्यात घातली, असे त्यात नमूद आहे.

याला कोणी औदार्य म्हणेल. मी त्याला पद्धत म्हणतो. चुकणाऱ्याला काढून टाकले तर पुढचा माणूस चूक लपवतो आणि लपवलेली चूक प्रमाण प्रतीत कायम होते. चुकीचा मार्ग उघड झाला तरच तो बंद करता येतो. वर्गात गुरुजी जे वदवून घेत ते याहून निराळे नव्हते.

या क्षेत्रातील माझ्या तरुण मित्रांना म्हणून दोनतीन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. बदल जमा करताना त्याचे कारण पूर्ण वाक्यात लिहा. मराठीत लिहिता आले नाही तरी चालेल, पण कर्ता, कर्म आणि क्रियापद असू द्या. रात्री हाताने केलेली दुरुस्ती सकाळी प्रमाण प्रतीत नोंदवा. आज यंत्रेच स्क्रिप्ट लिहून देऊ लागली आहेत. ती वाचल्यावाचून चालवू नका, कारण लिहिणारा कोणीही असला तरी रात्री फोन तुमचाच वाजणार आहे. आणि जे आईवडील येथे बसले आहेत त्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की, आपला मुलगा किंवा मुलगी जागते ती कोणाच्या तरी रुग्णालयातील नोंद आणि कोणाच्या तरी पगाराची रक्कम जागेवर राहावी म्हणून. हे काम संपादकाचे आहे, आणि संपादकाचे नाव बहुधा मुखपृष्ठावर नसते.